काटा कुठे आहे?

जुनी चेतक स्कूटर चालवलेल्या माणसाला पेट्रोलच्या काट्याशिवाय कसं भागायचं हे सांगावं लागत नाही. भर रस्त्यात इंजिन आचके देऊ लागलं की हात आपसूक सीटखाली जायचा, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरायचा आणि गाडी पुढच्या पंपापर्यंत पोहोचायची. हँडलवरच्या मीटरमध्ये वेग आणि एकूण किलोमीटर, बस. पेट्रोल संपत आल्याची बातमी स्कूटर स्वतःच द्यायची. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचंही तेच होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिच्यात पेट्रोलचा काटाच नव्हता. चालकासमोर एक गोल तबकडी आणि पायापाशी रिझर्व्हची चावी.

आजच्या गाडीत बसलं की समोर टीव्हीच उघडतो. नकाशा, गाणं, टायरमधली हवा, कोणाचा फोन आला तेही. गंमत अशी, की यातल्या कित्येक पडद्यांवर वेग दाखवायला कंपन्या पुन्हा गोल तबकडी आणि काटाच रंगवतात. खरा काटा काढून टाकायचा आणि त्याचं चित्र लावायचं, हा उद्योग उगाच होत नाही.

खरा काटा चालतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी 1902 साली पेटंट घेतलेली युक्ती पुढे अनेक दशकं जगभर चालली. चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून आलेली केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह उमटतात आणि तीही त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. ओढ आणि अडवणूक जिथे बरोबरीत येतात, तिथे वाटीला जोडलेला काटा थांबतो. बॅटरी लागत नाही. केबल कोरडी पडली की काटा थरथरू लागतो आणि मेकॅनिक ती काढून ग्रीस लावतो.

काट्याचं खरं बळ मात्र यंत्रात नाही, आपल्या डोळ्यात आहे. आकडा वाचावा लागतो. काटा नुसता दिसतो. रोजच्या गाडीत साठचा काटा कुठे उभा राहतो हे चालकाला पाठ असतं, त्यावरचा अंक तो बघतही नाही. ताशी 80 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे सरकते, तेव्हा नजर रस्त्यावरून किती वेळ हटली याला किंमत आहे.

हा धडा आधी विमानांनी शिकवला, तोही महागात. 1947 साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या संशोधकांनी अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांकडून 270 किस्से गोळा केले. उपकरणं वाचताना झालेल्या चुकांचे. त्यात बदनाम ठरला तो तीन काट्यांचा उंचीमापक: एक काटा शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. घाईत हजार फुटांची गल्लत सहज होई. दोष वैमानिकाच्या डोळ्यांपेक्षा तबकडीच्या रचनेत होता. उलट शहाणी रचना अशी, की सारं ठीक असताना सगळ्या तबकड्यांचे काटे एकाच दिशेला असतील. एखादा वाकडा दिसला की तेवढाच पाहायचा.

मोटारींनी हे मधूनमधून विसरून पाहिलं. 1984 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये सगळं लुकलुकत्या आकड्यांत आणि रंगीत पट्ट्यांत आलं. तेव्हा ते भविष्य वाटलं. 1990 मध्ये त्याच गाडीत काटे परतले. अर्थात आकडा निरुपयोगी नाही. द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याची पाटी दिसली, की आपण 97 वर आहोत की 103 वर हे कळायला आकडाच बरा.

विमानं बनवण्याचा वारसा असलेल्या स्वीडनच्या साबने 1990 च्या दशकात मोटारींमध्ये एक बटण दिलं. रात्री ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकीचे दिवे मालवायचे. काही बिघडलं, तरच संबंधित तबकडी उजळायची. ज्याने अंधाऱ्या घाटात झगमगता पडदा समोर घेऊन गाडी चालवली आहे, त्याला या बटणाचा हेवा वाटेल.

पेट्रोलच्या काट्याशेजारचा छोटा त्रिकोणही त्याच जातीचा. 1986 साली फोर्डमधले जिम मॉयलन कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेले, टाकीचं झाकण पलीकडच्या बाजूला निघालं, आणि पावसात भिजावं लागलं. झाकण कोणत्या बाजूला आहे ते बाणाने दाखवा, असं त्यांनी परत येऊन लिहून दिलं. बाण हलत नाही, वाजत नाही, त्याला सेन्सरही लागत नाही. आज असंख्य गाड्यांत तो असतो, आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या अनेकांनी तो अजून पाहिलेला नसतो.