जादूगार कोणाचा?

एका माणसाने एक विद्वान जादूगार कल्पिला. वर्षानुवर्षं तो त्याच्या तोंडून बोलला, त्याच्या डोक्याने विचार करत राहिला. आणि मग अशी वेळ आली की, त्या जादूगाराचं नाव स्वतःच्या नव्या पुस्तकात छापणं खुद्द जन्मदात्यालाच अशक्य झालं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. गॅरी गायगॅक्स तिथे राहत. शिकागोतली विमा कंपनीतली नोकरी १९७० मध्ये गेली, तेव्हा ते तळघरात बसून बूट दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात लढायांचे खेळ रचत. १९७२ च्या अखेरीस मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन एक वेगळाच खेळ घेऊन त्यांच्या घरी आले. या खेळात शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही. एकजण सूत्रधार. तो सांगतो, ‘‘तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून कसलासा आवाज येतोय.’’ बाकीचे आपापल्या पात्राने काय करावं ते ठरवतात आणि ते जमलं की फसलं, हे फासे सांगतात. गायगॅक्स यांनी या धर्तीवर घरच्या घरी ग्रेहॉक नगरी उभी केली, तिथल्या किल्ल्याखालची भुयारं कागदावर आखली. पहिले खेळाडू कोण, तर त्यांची मुलं, अर्नी आणि एलिस. आपल्याकडे जेवणं आटोपल्यावर पत्त्यांचा डाव पडतो, तसंच!

पण सूत्रधाराला स्वतः खेळता येत नाही. तेव्हा रॉब कुंट्झ या तरुण मित्राने सूत्रधारकीचा वाटा उचलला आणि गायगॅक्स यांना आपलं पात्र मिळालं. फिनलंडच्या पुराणकथांच्या वळणाचं त्याचं नाव : मॉर्डनकेनन.

हा आपल्या ओळखीचा, छडी फिरवून कबुतर काढणारा जादूगार नव्हे. ही स्वारी पुस्तकातला किडा. या खेळातल्या जादूगाराने चिलखत घालायचं नाही, हातात खंजिरापलीकडे शस्त्र नाही. सकाळी पोथी उघडून मंत्र पाठ करायचा. नवशिक्याला दिवसाला एकच मंत्र, आणि तो एकदा उच्चारला की डोक्यातून पार पुसला जाणार. पुन्हा हवा तर पुन्हा पाठांतर. कर्णाला ऐनवेळी विद्या आठवेनाशी झाली ती शापाने. इथे विसरणं हा नियमच. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून घेतलेली. मला त्यातला हिशेब फार आवडतो. तलवारबहाद्दर दिवसभर तलवार चालवू शकतो. विद्वानाला मात्र आज कुठली विद्या लागेल, याचा अंदाज सकाळीच बांधावा लागतो. चुकला की संपला.

विद्वानांच्या जगात सिद्धान्ताला शोधणाऱ्याचं नाव मिळतं. या खेळातही तेच झालं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या पहिल्या हजार पेट्या निघाल्या. पुढच्या नियमपुस्तकांत टेबलाभोवतीची सारी मंडळी मंत्रांच्या नावांत जाऊन बसली. अर्नेस्टच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून झाला टेन्सर. जिम वॉर्ड हे नाव मागून वाचलं की ड्रॉमिज. धाकटा ल्यूक तर आपल्या पात्राला नाव द्यायलाच विसरला होता. कागदावर पुरुष म्हणून ‘एम’ आणि जात म्हणून ‘एल्फ’ लिहिलं होतं, त्याचा झाला मेल्फ! घरातली थट्टा अशी छापील नियम झाली.

आणि इथेच मेख होती. कंपनी गायगॅक्स यांनीच स्थापलेली. घर कुठे संपतं आणि दुकान कुठे सुरू होतं, हे त्या दिवसांत कोण पाहणार? १९८५ मध्ये कंपनीचा ताबा त्यांच्या हातून गेला, पुढच्या वर्षी ते बाहेर पडले. मॉर्डनकेनन मागे राहिला. कायद्याने पाहिलं तर यात गैर काही नव्हतं. नाव कंपनीच्या पुस्तकांत होतं, तेव्हा ते कंपनीचं. पण मुलांबरोबर खेळलेल्या खेळातलं पात्र मालाच्या यादीत जमा झालेलं पाहणं कसं असेल?

गॉर्ड नावाच्या एका पात्राचे हक्क तेवढे त्यांच्याकडे राहिले. त्याच्या कादंबरीमालेच्या अखेरीस, १९८८ मध्ये, गायगॅक्स यांनी ग्रेहॉकचं ते सगळं जगच नष्ट करून टाकलं. रागाने म्हणा, दुःखाने म्हणा. कंपनीच्या पुस्तकांत ते जग अर्थातच सुखरूप होतं. १९९२ मध्ये त्यांनी नवा खेळ काढला, तर कंपनीने त्यावरही दावा ठोकला.

१९९७ मध्ये ती कंपनीही दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी २००० पासून मूळ नियम इतरांना वापरायला मोकळे केले, पण त्यातली माणसांची नावं वगळून. ‘मॉर्डनकेननचा इमानी कुत्रा’ हा मंत्र तिथे नुसता ‘जादूगाराचा इमानी कुत्रा’ झाला. मंत्र सर्वांचा, नाव मालकाचं.

गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, मॉर्डनकेननच्या नावाने जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात जागोजाग त्याच्या तोंडची टिपणं आहेत. म्हातारा तिरकस बोलतो, मतं ठोकतो, जगाचा तोल कसा राखावा ते सांगतो. ती सारी वाक्यं कंपनीच्या लेखकांनी लिहिलेली आहेत.