कार्बन फ्रेमची पारख

रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बनवलेल्या महागड्या सायकलीची कार्बन फ्रेम मधल्या मापात साधारण ७०० ते १,००० ग्रॅम भरते. त्याच मापाची चांगली पोलादी फ्रेम बहुधा दीड किलोच्या पुढे जाते. हा फरक ज्या तंतूमुळे पडतो, तो पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून तयार होतो. धागा ताणून धरून आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात आणि मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर. कार्बन सोडून बाकीची मूलद्रव्ये बहुतांशी निघून जातात आणि ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा काळा तंतू उरतो. असे असंख्य तंतू एकाच दिशेने अंथरून एपॉक्सी राळेत भिजवले की जी पातळ चादर मिळते, तिला कारखान्यात प्रीप्रेग म्हणतात. फ्रेम या चादरीच्या तुकड्यांची बनते.

ताठपणा मोजण्याचे एकक गिगापास्कल. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि मिश्रधातू बदलला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. भिलाईच्या कारखान्यात लाटलेला रेल्वेचा रूळ असो की जुन्या इटालियन रेसिंग सायकलीची पातळ नळी, ताठपणाचा आकडा जवळपास तोच. बळकटी मात्र बदलते. राळेसह कार्बनची चादर तंतूंच्या दिशेने ओढली तर सुमारे १३५ गिगापास्कल ताठपणा दाखवते, म्हणजे पोलादाहून कमीच. पण पोलादाची घनता ७.८५ आणि या चादरीची जेमतेम १.६. वजनाच्या हिशेबात कार्बन तिपटीने सरस ठरतो. हीच चादर तंतूंना आडवी ओढली की आकडा १० गिगापास्कलपर्यंत कोसळतो, कारण तिथे भार तंतूंवर नसून राळेवर येतो. बांबू उभा सहज चिरतो आणि आडवा मोडायला जड जातो, तसाच हा प्रकार.

यातून निघणारी एक गोष्ट जाहिरातींत सहसा सापडत नाही. तंतू सर्व दिशांना सारखे वाटून थर लावले, तर ताठपणा ५० गिगापास्कलच्या आसपास राहतो. घनतेने भागल्यावर हा पदार्थ पोलादाच्या थोडासाच पुढे असतो. म्हणजे कार्बनचा जवळजवळ सारा फायदा दिशेत आहे. कोणता तुकडा कुठे, किती अंशांत आणि किती थरांत बसला, यावर फ्रेमची गुणवत्ता ठरते. ‘टी ७००’, ‘टी ८००’ अशी तंतूची प्रतवारी त्यानंतर येते. शिवाय एका फ्रेममध्ये तीन-चार प्रतींचे तंतू असू शकतात. अतिताठ तंतू धक्क्याला लवकर तुटतो, म्हणून तो मोजक्याच जागी वापरणे शहाणपणाचे. नळीवर छापलेला एकच आकडा फ्रेमबद्दल फार थोडे सांगतो.

पेडलवर जोर पडला की फ्रेमच्या तळाशी, क्रँकचा अक्ष जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटपाशी, बाजूला वाकवणारा आणि पीळ देणारा असे दोन्ही भार येतात. हँडलचा दांडा ओढला की पुढची हेड ट्यूब पिळली जाते. पीळ सोसायला तंतू नळीच्या लांबीशी ४५ अंशांत, एकमेकांना छेद देत लावावे लागतात. वाकण्याविरुद्ध लांबीच्या दिशेने आणि नळी दबू नये म्हणून आडवे. हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंत उतरणारी डाउन ट्यूब इतकी फुगीर का, याचेही उत्तर इथेच आहे. पातळ भिंतीच्या नळीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो; भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला की तो आठपट होतो. इतक्या व्यासाची पोलादी नळी हलकी ठेवायची, तर भिंत इतकी पातळ करावी लागेल की ती सहज पोचेल.

तुकडे लावण्याचे काम आजही मुख्यतः हाताने होते. एका फ्रेमला शेकडो तुकडे लागतात. ते आतल्या गाभ्यावर किंवा फुग्यावर क्रमाने बसवून साचा बंद करतात, आतून दाब देतात आणि उष्णतेने राळ पक्की करतात. कसब दिसते ते सांध्यांत. दाब कमी पडला की थरांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, चादरीला सुरकुती पडली की तंतू आपली दिशा सोडतात, कुठे नुसती राळच साचते. वरच्या देखण्या रंगाखाली हे दोष झाकले जातात. बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून आणि सीटपोस्टच्या नळीतून बारीक कॅमेरा आत सोडला की आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, हे दिसते. महाग फ्रेम विकत घेणाऱ्याने ही तपासणी मागितलीच पाहिजे.

कार्बन फ्रेमचा बोलबाला १९८६ मध्ये झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने फ्रान्सच्या लूक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. पुढे सायकली इतक्या हलक्या होत गेल्या की आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००० पासून शर्यतीच्या सायकलीला किमान ६.८ किलो वजनाची अट घातली. ती अजून कायम आहे.

प्रयोगशाळेत फ्रेम घट्ट पकडून बॉटम ब्रॅकेटवर आणि हेड ट्यूबवर ठरावीक भार देतात आणि ती किती हलली ते मोजतात. आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकात पेडलिंगसारखा भार एक लाख वेळा देऊन फ्रेम थकते का ते पाहतात, शिवाय वजन आदळून धक्क्याची चाचणी घेतात. या आकड्यांना अर्थ आहे, पण ठरावीक पातळीच्या पुढे बॉटम ब्रॅकेटचा ताठपणा वाढवून स्वार वेगवान होत नाही. फ्रेम लवचिक असली तरी वाकताना साठलेल्या ऊर्जेचा बराच भाग ती परत देते.

रस्त्यावरच्या पारखीत पहिला मान मापाला. बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी आणि आडवी अंतरे, म्हणजे स्टॅक आणि रीच, शरीराला जुळत नसतील तर उत्तम फ्रेमही निकामी. त्यानंतर टायर. सायकलचे दोन त्रिकोण उभ्या दिशेने मुळातच अत्यंत ताठ रचना आहेत. खड्ड्याचा धक्का खाण्याचे काम मुख्यतः टायर, मग सीटपोस्ट आणि सीट करतात. कार्बन फ्रेम ‘मऊ’ लागली, असे म्हणणाऱ्याने दोन्ही सायकलींच्या टायरची रुंदी आणि हवेचा दाब सारखा होता का, हे आधी सांगायला हवे. दोन फ्रेमची तुलना करताना तीच चाके, तोच दाब आणि बसण्याची तीच जुळणी ठेवून तोच रस्ता पुन्हा कापावा. मग सीटवरून उठून जोरात पेडल मारताना मागचे चाक सरळ राहते का, उतारावर हात सैल ठेवला तरी पुढचा भाग थरथरतो का, वळणात धरलेली रेषा टिकते का, या गोष्टी फ्रेम आणि फोर्कबद्दल खरे काही सांगतात.

रस्ता कुठला, यावरही निकाल बदलतो. दुर्ग-भिलाई जोडशहरातल्या मोहन नगरातून सायकल कुठल्याही दिशेला काढली तरी बराच वेळ सपाटीच लागते. हा छत्तीसगडचा भातपट्टा आहे. सपाटीवर ताशी ३५ किलोमीटरला विरोधाचा सुमारे चार पंचमांश भाग हवेचा असतो, आणि त्यातला बहुतेक स्वाराच्या शरीरामुळे. इथे फ्रेमचे २०० ग्रॅम वाचवून पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर तासभराच्या सलग चढातही ही बचत नऊ सेकंदांची. बस्तरकडे जाताना केशकालच्या बारा वळणांच्या घाटात किंवा मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात तर त्याहून कमी. भिलाईच्या स्वाराने हलक्या फ्रेमपेक्षा वाऱ्याला कमी अडणारी आणि रुंद टायरला जागा देणारी फ्रेम निवडावी.

लांबच्या अंतरात मापाचे महत्त्व आणखी वाढते. भिलाईच्या पश्चिमेला असलेल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने, १२ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने पार केली होती. इतक्या अंतरात मान, तळहात आणि कंबर आधी हार मानतात. थोडी उंच हेड ट्यूब आणि लांब चाकअंतर असलेली फ्रेम तिथे अधिक उपयोगी. शर्यतीतल्या शेवटच्या दोनशे मीटरसाठी घडवलेला ताठपणा तिथे कामाचा नाही.

वापरलेल्या फ्रेमची परीक्षा वेगळी. पोलाद आधी वाकते, पोचते, म्हणजे इशारा देते. कार्बन वाकून राहत नाही. धक्क्यात आतले थर सुटतात आणि वरचा रंग शाबूत दिसू शकतो. नाण्याने हळूहळू ठोकत गेल्यावर एखाद्या जागी टणत्कार जाऊन बद्द आवाज आला तर संशय घ्यावा, मात्र जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून खात्री अल्ट्रासाउंड किंवा सीटी स्कॅनने होते. सीटपोस्टची पकड अंदाजाने आवळू नये. बहुतेक ठिकाणी पाच न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा असते आणि ती टॉर्क पान्यानेच पाळता येते. अ‍ॅल्युमिनियमचा भाग कार्बनला थेट चिकटून राहिला आणि घामाचे खारे पाणी आत गेले, तर अ‍ॅल्युमिनियम गंजून तो भाग कायमचा अडकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा बंद मोटारीत काळी फ्रेम ठेवणे टाळावे.

जोरात आपटलेली कार्बन फ्रेम, ओरखडा दिसो वा न दिसो, तपासणी होईपर्यंत रस्त्यावर काढू नये. दुरुस्ती शक्य असते. खराब थर घासून काढून त्याच दिशेने नवे थर चढवले, तर फ्रेम पुन्हा वर्षानुवर्षे चालते.