पासवर्ड? माझाच नंबर!

पाहुणे आले, चहा झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला : "वायफायचा पासवर्ड काय हो?" उत्तरही ठरलेलं : "माझाच नंबर." आमच्याकडे परवापर्यंत हेच चालू होतं. फायबर जोडायला आलेल्या मुलानं स्टुलावर उभ्या उभ्याच विचारलं होतं, "काका, तुमचा मोबाइल नंबरच टाकू का? लक्षात राहतो." टाक म्हटलं.

ही सवय आपलीच नाही. २०२१ साली इडो हूर्विच हा इस्रायली सुरक्षा-संशोधक पाठीवरच्या पिशवीत एक स्वस्तातलं वायफाय कार्ड घेऊन तेल अवीवभर हिंडला आणि ५,००० वायफाय जोडण्यांचे नमुने घेऊन आला. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जोडण्यांचे पासवर्ड त्याला घरबसल्या सापडले. त्यांत मोठा भरणा मोबाइल नंबरांचा.

हे जमतं कसं? पासवर्ड जसाच्या तसा हवेतून कधीच जात नाही. डब्ल्यूपीए-२ या वायफाय-सुरक्षेच्या पद्धतीत पासवर्ड आणि वायफायचं नाव एकत्र करून ते ४,०९६ वेळा गणिती घाण्यातून काढतात, तेव्हा किल्ली तयार होते. त्या किल्लीवरून काढलेला एक ठसा मात्र हवेत येतो आणि अनेक राउटर तो विचारणाऱ्याला बिनदिक्कत देऊन टाकतात. ठशावरून उलटं पासवर्डपर्यंत जाता येत नाही. पण एकेक संभाव्य पासवर्ड त्याच घाण्यात घालून ठसा जुळतो का, हे बघता येतं. तेही आपल्या घरी बसून. एटीएममध्ये पिन तीनदा चुकला की कार्ड अडतं. इथे अडवणारं कुणी नाही, कारण राउटरला या खटाटोपाचा पत्ताच नसतो.

इस्रायलमधले मोबाइल नंबर ०५ने सुरू होतात, पुढे आठ आकडे. म्हणजे १० कोटी शक्यता. हूर्विचचा लॅपटॉप सेकंदाला १ लाख ९४ हजार पासवर्ड तपासत होता, म्हणजे सगळे तपासायला जेमतेम नऊ मिनिटं. आपले नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ने : ४०० कोटी शक्यता. त्याच वेगानं पावणेसहा तास. रात्री लॅपटॉप लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं! याच दहा जागी रोमन लिपीतली छोटी अक्षरं अर्थाचा विचार न करता कशीही टाकली, तर सगळ्या शक्यता संपायला तेवीसेक वर्षं लागतील. बारा अक्षरं केली तर पंधरा हजार वर्षं.

"शिरला कुणी तर काय, थोडा डेटा खाईल," असं आमचे शेजारी म्हणतात. त्यांना सानपाडा आठवत नसावं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर. त्याच्या वायफायला कुलूपच नव्हतं. दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. चौकशीला मात्र तोंड द्यावं लागलं त्याला. पुढे जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलीसच उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरू लागले.

आत शिरलेल्याला राउटरच्या सेटिंगचं पानही उघडता येतं. तिथे बहुधा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' हीच कारखान्यातली जोडी अजून नांदत असते. ती बदलली नसेल, तर बँकेच्या साइटकडे निघालेल्या तुम्हाला तो भलत्याच पत्त्यावर नेऊ शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए-३मध्ये घरी नेऊन जुळवण्याजोगा ठसाच हाती लागत नाही. राउटर नवा असेल तर सेटिंगमध्ये तो पर्याय सापडतो. आमचा जुना आहे.

म्हणून गेल्या रविवारी बारा अक्षरांचा पासवर्ड टाकला. फोन, लॅपटॉप पटापट जोडले. टीव्हीपाशी गाडी अडली. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठताना सातव्याला बोट चुकलं, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात आतून आईचा आवाज, "अरे, मालिका सुरू झाली असेल!"