तिघांत तुसडा तोच लाडका

विश्वचषकाचे दिवस आले की पनवेलच्या मैदानांवर एम्बापेच्या जर्सीचं पीक येतं. तो का आवडतो हे सांगायला पुरवणी खर्ची घालायची गरज नाही. २०२२च्या अंतिम सामन्यातली हॅटट्रिक पुरे. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच एका फ्रेंच माणसाचं. तो पनवेलहून लोकलने सहाव्या स्टेशनात, नेरूळला खेळून गेला.

२०१४ साली इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात तीन नामांकित फ्रेंच आपल्या पट्ट्यात उतरले. गोव्याकडे रॉबर्ट पिरेस, पुण्याकडे डेव्हिड ट्रेझेगे आणि मुंबई सिटीकडे निकोलस अनेल्का. २०००चा युरो चषक तिघांनी एकत्र जिंकलेला. अंतिम सामन्याच्या जादा वेळेत पिरेसने डावीकडून चेंडू दिला आणि ट्रेझेगेने इटलीचा निकाल लावला. १९९८च्या विश्वविजेत्या संघातही हे दोघे होते. अनेल्काला ऐनवेळी वगळलं होतं.

अनेल्काची ख्याती तुसडेपणाची. २०१०च्या विश्वचषकात प्रशिक्षक डोमेनेक यांच्याशी मध्यंतरात वाजलं, त्याची घरी रवानगी झाली आणि त्याच्यासाठी अख्ख्या संघाने सरावावर बहिष्कार टाकला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही स्वारी आली ती इंग्लंडमधली बंदी सोबत घेऊनच. पहिले तीन सामने बाहेर! त्याच्यावाचून मुंबईने ट्रेझेगेच्या पुण्याला ५-० धुतलं, हॅटट्रिक आंद्रे मोरित्झची. नोव्हेंबरात मात्र केरळा ब्लास्टर्सविरुद्ध त्याची फ्री किक जाळ्यात गेली आणि १-० असा सामना खिशात. नवी मुंबईत मल्याळी वस्ती मोठी. इथे केरळला हरवणं म्हणजे शेजाऱ्याला हरवणं.

गोल मोजाल तर फसाल. अनेल्काचे दोन, ट्रेझेगेचे दोन, पिरेसचा एक. एवढ्यावर कोणी जीव ओवाळून टाकत नाही. तरी माझा कौल अनेल्कालाच, कारण साधं आहे: बाकीचे दोघे एका मोसमात निघून गेले. पिरेसचं तर कोलकात्याच्या प्रशिक्षकाशी झालेलं भांडण आणि त्यापायीची बंदीच लोकांच्या जास्त लक्षात राहिली. अनेल्का २०१५ मध्ये परत आला, तोही खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी जबाबदारीवर. त्याच्याच हाताखाली सुनील छेत्रीने नेरूळला नॉर्थईस्टविरुद्ध हॅटट्रिक ठोकली. या लीगमधली भारतीय खेळाडूची ती पहिलीच.

कौतुक केलं म्हणून हिशेब लपवायचं कारण नाही. आठ संघांत मुंबई पहिल्या वर्षी सातवी, दुसऱ्या वर्षी सहावी. प्रशिक्षक म्हणून अनेल्का सामान्यच निघाला, आणि २०१५नंतर तोही गेला. पुढच्या वर्षी संघाने मुक्काम अंधेरीला हलवला. तेव्हापासून घरचा सामना बघायचा तर पनवेलकराला नेरूळ मागे टाकून अंधेरी गाठावी लागते.