नीरा आणि ताडी: चुना केव्हां लावावा?

वसई-विरारच्या किनारपट्टीवर ताड आणि शिंदी हीं झाडें परिचयाचीं आहेत. त्यांचा जो रस पहांटे नीरा म्हणून लहान मुलांच्या हातीं देतां येतो, तोच दुपारपर्यंत ताडी होऊन बसतो. झाड एक, रस एक. मग नांव, गुण आणि कायद्यांतील स्थान हीं तिन्ही इतक्या थोड्या वेळांत कां बदलतात? याचें उत्तर मडक्याला आंतून लावलेल्या चुन्यांत, आणि त्याहूनही अधिक तो लावण्याच्या वेळेंत आहे.

ताडाच्या फुलोऱ्याचें टोंक रोज पातळ कापलें म्हणजे तेथून थेंब थेंब रस ठिबकूं लागतो व खालीं बांधलेल्या मडक्यांत रात्रभर जमतो. या ताज्या रसांत शेंकडा सुमारें १० ते १४ भाग साखर असते, आणि ती बहुतेक उसांतल्याच जातीची. साखर असेल तेथें किण्व हजर व्हावयाचेंच. तें फुलोऱ्यावर असतें, माश्यांच्या पायांवरून येतें, आणि आदल्या दिवशींच्या मडक्याच्या छिद्रांत तर दडूनच बसलेलें असतें. हे सूक्ष्म जीव साखर फोडून तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायु करतात. ताडीवर दिसणारा फेंस हा त्याच वायूचा. एका दिवसांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४-५ पर्यंत जाऊं शकतें. पुढें दुसरे जीव त्याचें आम्ल करतात व शेवटीं शिरका उरतो.

चुना हा स्वभावानें क्षारधर्मी. त्याच्या सान्निध्यांत किण्वाचें काम चालत नाहीं व साखर शाबूत राहते. परंतु तो केव्हां लावावयाचा? चार दिवस आधीं लावून ठेवला तर हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो खडूसारखा निर्जीव होतो. रस उतरविल्यावर घातला तर त्याहूनही वाईट. कारण तोंवर रात्रभर किण्वानें आपला कार्यभाग उरकलेला असतो. चुन्यानें आंबटपणा मरेल, पण मद्यार्काची पुन्हा साखर होणार नाहीं. म्हणून योग्य वेळ एकच: संध्याकाळीं, मडकें स्वच्छ धुऊन वाळविल्यावर, झाडावर टांगण्याच्या अगदीं आधीं. पहिला थेंब पडेल तो चुन्यावरच पडला पाहिजे. थर मात्र पातळ असावा. जाड झाला तर नीरेची चव बिघडते.

युरोपांतील बिअरमध्यें हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालतात, तेथेंही प्रश्न वेळेचाच असतो. कडूपणा हवा असेल तर तीं सुमारें तासभर उकळावीं लागतात. सुगंध हवा असेल तर शेवटच्या कांहीं मिनिटांत घालतात, कारण सुवासिक तेल वाफेबरोबर उडून जातें. भेद इतकाच कीं हॉप किण्वाला काम करूं देतो आणि आंबट करणाऱ्या अनेक जंतूंना अडवितो. चुना किण्वालाच दाराबाहेर ठेवतो.

किण्व हा नेहमींच शत्रु असतो असें मात्र नाहीं. वसईच्या ख्रिस्ती घरांतून फुग्या आणि सांदणें पूर्वापार ताडीनेंच फुगवीत आले आहेत. तेथें चुना लावलेला रस निरुपयोगी ठरेल. परंतु पेय म्हणून नीरा हवी असेल तर ती न आंबलेलीच हवी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेंही नीरा आणि ताडी यांत हाच भेद केला आहे.

नीरा घरीं आणणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ती सूर्य वर येण्यापूर्वीं उतरविलेली असावी. आणतांना बर्फांत ठेवावी, कारण उष्णतेनें किण्वाला जोर चढतो. आणि फेंस किंवा आंबट वास आढळल्यास ती मुलांना देऊं नये. भंडारी समाजाच्या ज्या पिढ्यांनीं हा व्यवसाय केला, त्यांना रसायनशास्त्राचीं पुस्तकें कोणी शिकविलीं नव्हतीं. तरी अंधारांत उंच झाडावर चढून आणलेला रस एका संध्याकाळच्या आळसानें वायां जातो, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.