आधी गॉगल, मग ड्रिल

पडद्याचे रॉड लावायला दर वेळी कारागीर कुठून आणायचा? म्हणून ड्रिल घ्यायचं ठरवलं आणि चिंचोळी एमआयडीसीत फिटर असलेल्या भाईजानना विचारलं.

ते म्हणाले, "घरकामाला 500-600 वॅटचं, 13 मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल पुरे. विटेच्या भिंतीला हॅमर चालू ठेव, लाकूड-लोखंडाला बंद. स्लॅबमध्ये बरीच छिद्रं पाडायची असतील तर रोटरी हॅमर एक दिवस भाड्यानं आण. स्वस्त मशीन चालेल. पण त्याचे कार्बन ब्रश सोलापुरात मिळतात का, ते विचार आणि पक्कं बिल घे."

"आणि ग्राइंडर?"

भाईजान थोडे थांबले. "लहान ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. डिस्कवर छापलेला वेग मशीनपेक्षा कमी नको. गार्ड कधीच काढू नकोस."

ईदच्या आदल्या दिवशी घरची जाळी कापताना त्यांनी तो काढला होता. डिस्क फुटली. गॉगल खिशात होता. उजव्या डोळ्यानं त्यांना आजही अंधुक दिसतं.

भगिनींनो, मशीन स्वस्त घ्या. गॉगलमध्ये मात्र काटकसर नको. मी दुकानात आधी तोच मागितला.