कायदा घडताना (लेखांक ४) : कौटुंबिक हिंसाचाराचे विधेयक समितीसमोर

विधेयक सभागृहात मांडले गेल्यापासून त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी होईपर्यंत ते कोणकोणत्या टप्प्यांतून जाते, याची रूपरेषा मागील लेखांकात पाहिली. त्यांपैकी वृत्तपत्रांत सर्वांत कमी चर्चिला जाणारा, परंतु कायद्याच्या गुणवत्तेवर खोल परिणाम करणारा टप्पा म्हणजे संसदीय समितीकडून होणारी छाननी होय. या छाननीत विधेयकाच्या हेतूवर सहसा वाद नसतो; मसुद्यातील शब्द तो हेतू प्रत्यक्षात उतरवू शकतील का, याचीच तपासणी मुख्यतः होते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा हे याचे बोलके उदाहरण आहे, कारण या विषयावर संसदेत तीन वर्षांच्या अंतराने दोन विधेयके आली आणि त्या दोहोंच्या मध्ये एका समितीचा अहवाल उभा आहे.

१९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहित स्त्रीला क्रूरपणे वागवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. हे पाऊल मोठे होते, तरी फौजदारी कायद्याची मर्यादा त्यात होतीच. फौजदारी कायदा घडून गेलेल्या कृत्याबद्दल शिक्षा देतो. मारहाण झालेल्या स्त्रीने आज रात्री कोठे राहावे, मुले कोणाजवळ असावीत, पुढच्या महिन्याचा किराणा कोणाच्या पैशाने भरावा, या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नसते. शिवाय भावाच्या घरी राहणारी अविवाहित बहीण किंवा मुलाकडून छळली जाणारी आई यांना त्या कलमाचा आधार मिळत नव्हता. म्हणून दिवाणी स्वरूपाच्या उपायांची, म्हणजे शिक्षेऐवजी संरक्षण, निवास आणि निर्वाह यांची हमी देणाऱ्या न्यायालयीन आदेशांची मागणी स्त्री-संघटनांनी लावून धरली आणि ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांच्या पुढाकाराने लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने अशा कायद्याचा मसुदाही तयार केला.

तत्कालीन केंद्र सरकारने ८ मार्च २००२ रोजी लोकसभेत जे विधेयक मांडले, ते मात्र या मसुद्यापासून बरेच दूर होते. त्याच्या चौथ्या खंडात कौटुंबिक हिंसाचाराची व्याख्या होती (विधेयकातील तरतुदीला ‘खंड’ म्हणतात, कायदा झाल्यावर तेच ‘कलम’ होते). प्रतिवादी, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती, ‘सवयीने’ मारहाण करीत असेल किंवा क्रूर वर्तनाने पीडितेचे जगणे असह्य करीत असेल, तिला अनैतिक जीवन जगण्यास भाग पाडत असेल अथवा अन्य प्रकारे तिला इजा पोहोचवत असेल, तर तो हिंसाचार ठरणार होता. त्यातील ‘अन्य प्रकारे इजा’ या भागाला लगेच एक अपवादही जोडला होता : प्रतिवादीचे वर्तन स्वतःच्या संरक्षणासाठी अथवा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या संरक्षणासाठी वाजवी असेल, तर त्याला हिंसाचार म्हणता येणार नव्हते.

‘सवयीने’ या एका शब्दाने काय झाले असते, हे दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात काय घडले असते यावरून समजते. हात मोडलेली एखादी स्त्री अर्ज घेऊन उभी राहिली, की पहिला प्रश्न आला असता तो यापूर्वी असे किती वेळा झाले याचा आणि त्याला पुरावा काय आहे याचा. चार भिंतींआड झालेल्या मारहाणीला बहुधा साक्षीदार नसतो. आधीच्या प्रसंगी दवाखान्यात गेलेल्या स्त्रीने डॉक्टरांना पाय घसरून पडल्याचे सांगितलेले असते आणि केसपेपरवर तेच नोंदलेले असते. घराची अब्रू राखण्यासाठी वर्षानुवर्षे पाळलेले मौनच अशा वेळी तिच्याविरुद्ध पुरावा ठरले असते आणि संरक्षणाचा हक्क मिळवण्यासाठी तिला आणखी काही वेळा मार खाणे भाग पडले असते. मालमत्तेच्या अपवादाचा परिणामही तितकाच गंभीर होता, कारण ज्या घरातून स्त्रीला बाहेर काढले जाते ते घर बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असते आणि तिला दाराबाहेर लोटणाऱ्याला ‘मी माझी मालमत्ता राखत होतो’ असे म्हणण्याची सोय विधेयकानेच करून दिली असती. त्याखेरीज पीडितेलाही सक्तीच्या समुपदेशनाला पाठवण्याची मुभा त्यात होती आणि राहत्या घरात टिकून राहण्याचा तिचा हक्क मात्र स्पष्टपणे कोठेही नोंदलेला नव्हता.

हे विधेयक मनुष्यबळ विकासविषयक स्थायी समितीकडे गेले. मंत्रालयांशी संलग्न अशा या स्थायी समित्यांची व्यवस्था १९९३ पासून अस्तित्वात आहे आणि त्यांत लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांतील, सर्व प्रमुख पक्षांचे सदस्य असतात. समिती जनतेकडून लेखी निवेदने मागवू शकते, संबंधित खात्याच्या सचिवांना पाचारण करते, संघटना व तज्ज्ञ यांची साक्ष घेते आणि नंतर विधेयकाचा एकेक खंड चर्चेला घेते. सभागृहात पक्षादेशाने बांधलेला सदस्य समितीच्या बैठकीत अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतो, हे या पद्धतीचे बलस्थान आहे. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, ही तिची मर्यादा. डिसेंबर २००२ मध्ये सादर झालेल्या १२४ व्या अहवालात समितीने स्त्री-संघटनांचे आक्षेप गांभीर्याने घेतले आणि ‘सवयीने’ हा शब्द तसेच स्वसंरक्षणाचा व मालमत्तेचा अपवाद या दोहोंवर बोट ठेवून व्याख्येत बदल सुचवला.

फेब्रुवारी २००४ मध्ये तेरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले; लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक तिच्या विसर्जनाबरोबर आपोआप संपुष्टात येते, त्याला व्यपगत होणे म्हणतात. अहवाल मात्र व्यपगत होत नाही. पुढील सरकारने किमान समान कार्यक्रमात या कायद्याचे आश्वासन दिले आणि नवे विधेयक लोकसभेने २४ ऑगस्ट २००५ रोजी, तर राज्यसभेने २९ ऑगस्ट रोजी संमत केले. २६ ऑक्टोबर २००६ पासून कायदा अमलात आला. त्याच्या कलम ३ मध्ये ‘सवयीने’ हा शब्द नाही, मालमत्तेचा अपवादही नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार तेथे उलगडून सांगितले आहेत. स्त्रीधन परस्पर विकणे किंवा घरखर्च रोखून धरणे हेही त्यांत येते. कलम १७ नुसार मालकी असो वा नसो, स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कलम १२ सांगते.

छाननीने साधलेले हे यश मोठे आहे, आणि म्हणूनच तिच्या नजरेतून काय निसटले तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजे. प्रतिवादीच्या व्याख्येत ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द राहिले, त्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्ध अर्ज चालतो का, यावर उच्च न्यायालयांत परस्परविरोधी निकाल येत राहिले. अखेर मुंबईतून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ते शब्द घटनाबाह्य ठरवून वगळले. सामाईक घराची व्याख्याही पुरेशी नेटकी नव्हती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या शब्दरचनेवर टीका करीत सासूच्या मालकीचे घर सामाईक घरातून वगळले आणि २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवेपर्यंत चौदा वर्षे सासू-सासऱ्यांच्या नावावरील घरात नांदणाऱ्या असंख्य सुनांच्या निवासाच्या हक्कावर टांगती तलवार राहिली. तिसरी उणीव अंमलबजावणीची. पीडितेचा अर्ज, घटनेचा अहवाल, वैद्यकीय मदत, निवारा हे सारे जुळवून देणारा संरक्षण अधिकारी हा या कायद्याचा कणा आहे. परंतु कलम ८ नुसार प्रत्येक जिल्ह्यात राज्य सरकारला ‘आवश्यक वाटतील तितके’ अधिकारी नेमायचे आहेत. किमान संख्या, पूर्णवेळ नेमणूक आणि खर्चाची तरतूद यांपैकी काहीच मसुद्यात बांधून न दिल्यामुळे अनेक ठिकाणी हे काम आधीच ओझ्याखाली असलेल्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून गेले.

यावरून अशा कोणत्याही विधेयकाच्या छाननीचे निकष हाती येतात. व्याख्या पहिल्याच प्रसंगी संरक्षण देते का, की छळ सिद्ध होण्यासाठी तो पुन्हा घडण्याची वाट पाहते. संरक्षण घराच्या आत मिळते का, की घर सोडल्यावरच. आणि आदेश अमलात आणणारा माणूस व त्याचा पगार मसुद्यात आहे का, या प्रश्नांची उत्तरे विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत सापडत नाहीत, ती खंडाखंडांतून शोधावी लागतात. छाननीमुळे कायदा लांबणीवर पडतो ही तक्रार पूर्णपणे निराधार नाही, कारण या विषयात स्त्रियांना आणखी साडेतीन वर्षे थांबावे लागले आणि त्या काळात झालेल्या मारहाणीची भरपाई कोणताही अहवाल करू शकत नाही. परंतु २००२ चे विधेयक जसेच्या तसे संमत झाले असते, तर ‘सवयीने’ या शब्दाचा अर्थ ठरवण्यात न्यायालयांची दशके गेली असती आणि त्याची किंमत एकेका पीडितेने एकेकटीने मोजली असती. समितीच्या टेबलावर गाळलेला शब्द सर्वांसाठी एकदाच गाळला जातो. तेथे राहून गेलेल्या शब्दाशी मात्र प्रत्येक स्त्रीला वेगळा दावा लढावा लागतो.

पुढील लेखांकात कायद्याखालील नियमांचा, म्हणजे संसदेने दिलेल्या अधिकारानुसार सरकार स्वतः तयार करते त्या दुय्यम विधानाचा, आणि त्यावर संसद कशी देखरेख ठेवते याचा विचार करायचा आहे.